कपडा केव्हा धुवावा, हे ठरविणारे तुम्ही कोण?

कपडे केव्हा धुवावेत हा काय वर्तमानपत्रात लिहिण्याचा विषय आहे, असे काही विद्वान नाक मुरडून विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्याच्या घरचा नळ चोवीस तास वाहतो आणि ज्याचे धुणे दुसऱ्याची बायको धुते, त्याला हा विषय क्षुल्लक वाटणे साहजिकच आहे. परंतु साकीनाक्याच्या, खैरानी रोडच्या, जरीमरीच्या दाट वस्तीत जे आमचे कष्टकरी बांधव राहतात, त्यांच्या घरात हा प्रश्न रोज पहाटे उभा असतो. पाणी थोडे, मळके कपडे फार, आणि हात दोनच. त्यातून कोणता कपडा आज धुवावयाचा, कोणता उद्यावर टाकावयाचा, आणि कोणता झटकून पुन्हा अंगात घालावयाचा, हे ठरवावे लागते. हा हिशेब चुकला तर कोणाच्या अंगावर खरूज उठते, कोणाचा खाडा भरतो, आणि कोणा पोराला वर्गात मान खाली घालावी लागते. म्हणून आम्ही यावर लिहिणार, आणि सविस्तर लिहिणार.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आजपर्यंत आमच्या अंगावरचा कपडा स्वच्छ की अस्वच्छ, हे तीन जणांनी ठरविले. पहिला सोवळे सांगणारा, दुसरा साबण विकणारा, आणि तिसरा कामावर ठेवणारा. गंमत अशी की, या तिघांपैकी एकही जण तो कपडा घालत नाही, धूत नाही, आणि त्यासाठी पाण्याचा हंडाही वाहत नाही. न्याय तर असा पाहिजे की, जो घालतो आणि जो धुतो त्यानेच ठरवावे. पण आमच्या देशात न्यायाचा आणि नळाचा दाब वस्ती पाहून कमीजास्त होतो.

प्रथम सोवळ्याचा समाचार घेऊ. सोवळ्याच्या शास्त्रात कपड्याचा मळ कोणी पाहत नाही. तेथे पाहतात ते एवढेच की त्याला कोण शिवले. रेशमी कद नेसून वर्षभर पूजा होते, घामाने तो कडक होतो, कुबट वास मारतो, तरी तो पवित्र! आणि परटाने भट्टीत उकळून, आपटून, कडक उन्हात वाळवून दुधासारखे पांढरे करून आणलेले धोतर मात्र ओवळे. कारण त्याला परटाचा हात लागला. ते पुन्हा घरच्या पाण्यात बुचकळल्याखेरीज पूजेला चालत नसे. वाहवा रे शास्त्र! ज्याने मळ काढला तोच मळका, आणि ज्याने मळ केला तो शुद्ध. बाळंतिणीची रक्ताने भरलेली लुगडी परटाने धुवावी, सुतकाचे कपडे परटाने धुवावे, सुगीला खळ्यावर येऊन चार पायल्या बलुते मागावे, आणि ओसरीच्या पायरीखाली उभे राहून ते पदरात घ्यावे, हा आमच्या गावगाड्याचा न्याय होता.

आता खरे शास्त्र कोणाजवळ होते ते पाहा. सुती कापडाला साजीखार चालतो, पण रेशमाला आणि लोकरीला खार घातला तर तंतू खाल्ला जातो, म्हणून त्यांना रिठ्याचे पाणी द्यावे, हे परटाला ठाऊक होते. कोणता डाग थंड पाण्याने सुटतो आणि कोणता गरम पाण्याने उलट पक्का बसतो, हे त्याला ठाऊक होते. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातलात की तो कायमचा झाला, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. ते घाटावरच्या दगडाशेजारी उभे राहून शिकावे लागते. मुंबईत महालक्ष्मी स्टेशनाच्या पुलावरून खाली पाहिले म्हणजे जो धोबीघाट दिसतो, तो १८९० च्या सुमारास बांधला गेला. शेकडो घरांचे कपडे तेथे एकाच ढिगात पडतात, आणि कोपऱ्यावरच्या चार टिंबांच्या खुणेवरून ज्याचा त्याला परत जातात. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांची ही हिशेबाची वही आहे!

ह्याच परटाच्या घरात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मास आले. जग त्यांना गाडगे महाराज म्हणते. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे आणि हातात खराटा, असा हा पुरुष गावोगाव फिरला. गावात आल्याबरोबर आधी रस्ता झाडावयाचा आणि मग कीर्तनाला उभे राहावयाचे, हा त्यांचा नेम. त्यांच्यापासून आम्ही एक गोष्ट घेतो: फाटका कपडा म्हणजे मळका कपडा नव्हे, आणि कोरा कपडा म्हणजे स्वच्छ माणूस नव्हे. ठिगळाची लाज बाळगण्याचे कारण नाही. कारण ठिगळ म्हणजे काटकसर, आणि काटकसर हा काही गुन्हा नाही.

सोवळ्याचे हे खूळ कपड्यापुरते थांबले असते तरी एक वेळ चालले असते. पण ते पाण्यात उतरले. १९२३ च्या ऑगस्टात सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत करवून घेतला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा गहजब झाला, आणि पुढे ते तळे शुद्ध करण्यासाठी त्यात गाईचे शेण आणि मूत्र कालविलेल्या घागरी ओतल्या गेल्या! शेण ओतल्याने पाणी शुद्ध होते आणि माणसाची ओंजळ लागल्याने ते बाटते, असे ज्या डोक्यात बसले आहे, त्या डोक्याला कपड्याची स्वच्छता ठरविण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने द्यावा? त्याच्या आधी जवळजवळ साठ वर्षे, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य बांधवांस मोकळा केला होता. स्वच्छता आणि सोवळे ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती आहेत हे त्या पुरुषाने ओळखले होते.

आणि सावित्रीबाईंची ती हकीकत कोणत्या घरात ठाऊक नाही? १८४८ पासून त्या मुलींच्या शाळेत शिकवावयास जात, तेव्हा वाटेत सनातनी लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे बरोबर नेत. शाळेत पोहोचल्यावर माखलेले बदलून धुतलेले नेसत, असे सांगतात. आता आम्ही विचारतो, त्या वेळी मळके कोण होते? ज्या बाईच्या लुगड्यावर शेण होते ती, की ज्याच्या हातात शेण होते तो? कपड्यावरचा डाग पाहून माणसाची किंमत करणाऱ्याने हा प्रश्न आधी सोडवावा.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आता सोवळे उरले कोठे? उरले आहे, बांधवांनो, आणि ते आमच्याच घरात उरले आहे. पाळीच्या दिवसांत बाईने वापरलेले फडके ती आजही कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून पलंगाखाली, ओल्या परकराखाली, न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालते. तेथे ते वाळत नाही, कुजते. ओल्या, अंधाऱ्या जागी रोगजंतू आणि बुरशी वाढते, आणि त्याचा त्रास तिच्या शरीराला होतो. ते फडके आधी थंड पाण्याने, मग साबणाने धुवावे आणि दोरीवर उन्हात टाकावे, ह्यात चोरण्यासारखे काय आहे? उन्हाला विटाळ होत नाही. विटाळ होतो तो आमच्या मनाला. भटाचे सोवळे आम्ही सभेत जाळले आणि आपल्या न्हाणीत पुन्हा टांगून ठेवले, असे होता कामा नये.

आता पाण्याचा हिशेब मांडू. साकीनाक्याच्या उत्तरेला डोंगरात विहार तलाव आहे. तो १८६० साली मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी बांधला. त्याच्या खाली पवई तलाव १८९१ च्या सुमारास झाला. त्याचे पाणी पिण्याच्या कामाचे नाही. ह्या दोहोंच्या सांडव्याचे पाणी म्हणजे मिठी नदी, आणि ती साकीनाक्याच्या अंगाने कुर्ल्याकडे आणि पुढे माहीमच्या खाडीकडे जाते. म्हणजे शहराच्या पाण्याच्या जुन्या उगमाजवळ आमची वस्ती. पण नळाला पाणी मोजके. जी मिठी डोंगरातून स्वच्छ निघते, तीत शहराने सांडपाणी, तेल आणि रंग सोडून तिचा नाला केला आहे. तिच्यात आता कपडा बुचकळला तर तो अधिकच मळून निघेल.

महानगरपालिकेच्या कागदात झोपडपट्टीतील माणसास दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतील माणसास १३५ लिटर असे माप धरले गेले आहे. एकास तिप्पट! झोपडीतला माणूस काय तिसरा हिस्सा घामतो? घाम तर त्याला तिप्पट येतो. बरे, ते ४५ लिटर तरी मिळते असे समजा. पाच माणसांच्या घरात झाले २२५ लिटर. हाताने धुणे धुवावयाचे तर भिजविण्यास एक, घासण्यास एक आणि खळबळण्यास दोन, अशा पंधरा लिटरच्या चार बादल्या लागतात. म्हणजे ६० लिटर. राहिले १६५. त्यात पाच जणांचे पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ आणि शौच. माणशी ३३ लिटर. घरातील प्रत्येकाने अंगावरचा प्रत्येक कपडा रोज धुण्यास टाकला आणि दोन घाणे काढावे लागले, तर राहतात १०५; माणशी २१. आता सांगा, कोणाची अंघोळ बंद करावयाची? इमारतीत वरून कपडे टाकावयाचे यंत्र एका खेपेस शंभर लिटरांच्या आसपास पाणी पिते. आमच्या दोन माणसांचे दिवसाचे पाणी तेथे एका बटणात जाते!

२०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २००० सालानंतरच्या झोपड्यांत राहणाऱ्यांनाही महानगरपालिकेने पाणी दिले पाहिजे. निकाल चांगलाच. परंतु त्यांना इतरांच्या बरोबरीने मिळेलच असे मात्र नाही, हेही त्यात आले. म्हणजे जगण्याचा हक्क आहे, पण थोडा कमी! आम्ही म्हणतो, आधी माप सारखे करा. मग आमच्या कपड्याच्या कॉलरकडे बोट दाखवा.

दुसरा ठरविणारा साबणवाला. त्याने आम्हांला शिकविले की पांढरे म्हणजे स्वच्छ, आणि शेजारणीच्या सदऱ्यापेक्षा पांढरे म्हणजे अधिक स्वच्छ. आमच्या आज्या सदऱ्याला नीळ देत. निळीने मळ निघत नाही. जुन्या कापडाचा पिवळेपणा झाकला जातो आणि डोळ्यांस ते पांढरे वाटते. आजच्या पुष्कळ पावडरींत अशीच उजळविणारी द्रव्ये घातलेली असतात. ती कापडाला चिकटून राहतात आणि उजेडात निळसर चमक देतात. म्हणजे पैसे देऊन आम्ही अर्धी स्वच्छता घेतो आणि अर्धा देखावा. फेसाचेही तसेच. फेस जास्त म्हणजे मळ जास्त निघाला असे नाही. फेस जास्त म्हणजे खळबळण्यास आणखी एक बादली गेली, एवढेच. ज्याला पाणी विकत घ्यावे लागते त्याला फेसाची चैन परवडत नाही. पावडर चमच्याने मोजून घाला, मुठीने नव्हे.

शिवाय कापड झिजते. शेतकऱ्याने कोरडवाहू रानात कपाशी लावली, बोंडअळीशी भांडला, वेचणी केली. इचलकरंजी-मालेगावच्या मागावर कोणी रात्रपाळी करून ते विणले. आणि साकीनाक्याच्या गाळ्यात कोणी वाकून शिवले. त्या सदऱ्याचा धागा प्रत्येक धुण्याला थोडा थोडा सुटतो. विनाकारण धुतलेला कपडा म्हणजे तीन घरांची मेहनत गटारात सोडणे होय. जाहिरातवाल्याला ते हवेच आहे. सदरा लवकर विटला तर नवा खपेल.

तिसरा ठरविणारा म्हणजे मालक आणि साहेब. मनोऱ्यांच्या फाटकावर जो पहारेकरी उभा असतो, त्याला ठेकेदार एक, फार तर दोन जोड देतो, आणि रोज कडक इस्त्रीत येण्याचा हुकूम करतो. बारा तासांची पाळी, अंगाला चिकटणारे पॉलिस्टर, आणि धुण्याचे पाणी-साबण पदरचे. सरकारी शिपायास, पोलिसास गणवेशाबद्दल धुलाई भत्ता देण्याची रीत आहे. मग ठेक्यावरच्या माणसाचा गणवेश काय आपोआप धुतला जातो? आमचे म्हणणे सरळ आहे: ज्याला स्वच्छ गणवेश पाहिजे, त्याने धुण्याची किंमत द्यावी.

गाळ्यांतील कामगारांची गोष्ट याहून गंभीर आहे. साकीनाक्याच्या गल्ल्यांतून लेथ आहेत, प्रेस आहेत, मुलामा देण्याची, रंगकामाची, भंगार वितळविण्याची कामे आहेत. तेथे कपड्यावर बसतो तो नुसता मळ नसतो. ते तेल, आम्ल आणि धातूची भुकटी असते. शिशाच्या कामावरचा माणूस तेच कपडे घालून घरी येतो, पोर धावत येऊन पायाला मिठी मारते, आणि ती भुकटी पोराच्या हाताला, हातावाटे तोंडात जाते. शिसे लहान मुलाच्या मेंदूला घातक आहे, ह्यात शंका उरलेली नाही. हे सोवळ्याने टळत नाही, आणि सुवासिक पावडरीनेही टळत नाही. ते कपडे कामावरच उतरविणे, वेगळे ठेवणे आणि वेगळे धुणे, हाच त्याला उपाय.

आणि हे आम्ही काही नवीन मागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४२ ने कामगारांस धुण्याची पुरेशी सोय करून देणे मालकावर बंधनकारक केले, आणि कलम ४३ ने कपडे ठेवण्याची व ओले कपडे वाळविण्याची सोय करावयास लावणारे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. २०२० साली संसदेने केलेल्या संहितेतही धुण्याची, न्हाण्याची आणि कपडे ठेवण्या-वाळविण्याची सोय लिहिलेली आहे. कागद उत्तम आहे! पण कायदा माणसे मोजतो. दहा माणसे भरली तर त्याची नजर पडावयाची; आणि आमच्या गाळ्यात एका खोलीत पाच, माळ्यावर तीन. शिसे मात्र माणसे मोजत नाही. ते पाचांनाही तेवढेच बाधते. म्हणून गाळ्याच्या मालकांनी, चार जणांनी मिळून एक न्हाणी आणि एक खुंट्यांची भिंत उभारावी. आणि ते करीत नसतील तर कामगारांनी एकजुटीने ती मागावी.

शेतकरी बांधवांस हे मुंबईचे गाऱ्हाणे वाटू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीचे विष नाकातोंडावाटे जाते तसे कातडीवाटेही जाते, आणि भिजलेला सदरा अंगावर ठेवणे म्हणजे ते विष अंगाला बांधून ठेवणे होय. फवारणीचा कपडा सुका दिसला तरी त्याच दिवशी काढावा, घरच्या धुण्यात मिसळू नये, उघड्या हाताने धुवू नये, आणि त्याचे पाणी विहिरीकडे, गोठ्याकडे वा ओढ्याकडे सोडू नये. त्यानंतर हात आणि अंग साबणाने धुवावे. येथे उद्यावर टाकणे नाही. पाणी कमी असेल तर पूजेचे धोतर उद्या धुवा, पण फवारणीचा सदरा आज धुवा!

मग नियम कोणता? पोथी नको, जाहिरात नको. आपले नाक, आपली कातडी आणि आपले काम यांना विचारावे. जे कातडीला घट्ट लागून असते ते रोज धुवावे: आतले कपडे, मोजे, चोळी, तान्ह्या मुलाचे कपडे, आणि घाम पुसलेला रुमाल वा उपरणे. घामाने भिजलेला कामाचा सदरा रोज धुवावा. पण पाहुण्यांकडे दोन तास घातलेला सदरा वाऱ्यावर टांगला तर पुन्हा चालतो. ताज्या घामाला वास फारसा नसतो. कातडीवरचे जंतू त्यावर वाढले की वास सुटतो. म्हणून उतरलेला ओलसर कपडा गोळा करून कोपऱ्यात फेकू नये. तो पसरून वारा द्यावा, म्हणजे त्याचे एक धुणे वाचते. सुतापेक्षा पॉलिस्टरला वास लवकर धरतो, हेही लक्षात असावे. वरची विजार, जाड पातळ दोन-तीन वेळा घालून, डाग वा वास पाहून धुवावे. लोकरी बनियन, कोट यांना ऊन आणि झटकणे पुरते. ते आठवड्या-आठवड्याला धुवून त्यांचा चोथा करू नये. अंग पुसण्याचा पंचा तीन-चार दिवसांनी, चादर-अभ्रे आठवड्याला.

याला अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. घरात कोणाला खरूज झाली तर त्याचे कपडे, पंचा, अंथरूण गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकावे. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे, म्हणजे किडा उपाशी मरतो. गजकर्ण झालेल्याचा पंचा दुसऱ्याने वापरू नये. मुंबईच्या पावसाळ्यात तर अर्धवट वाळलेला कपडा अंगात घालण्यापेक्षा कालचा सुका कपडा घालणे अधिक शहाणपणाचे. कारण ओल ही गजकर्णाची आई आहे. आणि पुराच्या पाण्याला क्षमा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी घराघरांत शिरली, आणि साकीनाक्यास दरड कोसळून कित्येक संसार गाडले गेले. पाणी ओसरल्यावर लेप्टोचा ताप आला. उंदरांच्या मुताने दूषित झालेले पाणी ज्या कपड्याला लागले, तो कपडा नुसता वाळवून घालू नये. साबणाने धुतल्याखेरीज त्याला हात लावू नये.

येथे कोणी आक्षेप घेईल की तुम्ही गरिबांस मळके राहावयास शिकविता. मुळीच नाही. आम्ही शिकवितो ते हे की, थोडे पाणी जेथे रोग अडेल तेथे आधी खर्च करा, आणि जेथे केवळ शोभा वाढेल तेथे शेवटी. मळके राहण्याची हौस गरिबाला नसते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळाली तर तो दिवस आमच्या भगिनी धुण्यात घालवितात. ह्याहून स्वच्छतेची आवड ती कोणती असावी? आणि शाळेत पोराचा कालचा सदरा पाहून त्याला उभे करणाऱ्या गुरुजींस आमची हात जोडून विनंती आहे: त्या पोराची पाटी तपासा, कॉलर तपासू नका. कपड्यावरून पोराला लाजविले म्हणजे तो कपडा धूत नाही, शाळा सोडतो.

शेवटी, ह्या साऱ्याचा भार कोणाच्या खांद्यावर आहे ते बोलले पाहिजे. पवई-चांदिवलीच्या मनोऱ्यांत धुणे-भांडी करावयास ज्या भगिनी जातात, त्या दिवसभर परक्यांचे कपडे धुतात, आणि घरी येतात तेव्हा नळ गेलेला असतो. रात्री भरून ठेवलेल्या पिंपातल्या पाण्यात नवऱ्याचा, दिराचा आणि तरण्या मुलांचा ढीग त्यांची वाट पाहत असतो. नवरा सभेत समतेवर टाळ्या वाजवून येतो, आणि सदरा काढून बायकोच्या पुढ्यात टाकतो! परटाला पायरीखाली उभे करणाऱ्याला आम्ही नावे ठेवतो. पण घरातल्या बाईला जन्मभर बिनबलुत्याची परटीण करून ठेवणाऱ्याला काय म्हणावे? परटाला निदान खळ्यावर दाणे तरी मिळत.

तेव्हा आमचे मागणे इतकेच आहे. महानगरपालिकेने माणसाला माणसाएवढे पाणी मोजावे. झोपडी आणि इमारत असा भेद करू नये. गाळ्यांच्या मालकांनी धुण्याची जागा द्यावी, आणि गणवेश मागणाऱ्याने धुलाई द्यावी. फवारणीचे आणि शिशाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. पाळीचे फडके उन्हात वाळावे. आणि पाचवे मागणे आमच्या पुरुष वाचकांकडे आहे. त्याला ठराव लागत नाही, कायदा लागत नाही. येत्या रविवारी प्रत्येकाने आपला सदरा आपल्या हाताने धुवावा, पाणीही आपणच भरावे. दोन बादल्या जिन्याने वर आणल्या म्हणजे कपडा केव्हा धुवावा ह्या विषयावर मत देण्याचा अधिकार त्याला येईल. तोपर्यंत त्याने जे अंगात मिळेल ते मुकाट्याने घालावे!